रत्नागिरी ते दापोली: तीस ओळींचा पट्टा

२४ मे २०२५, शनिवार. अरबी समुद्रातलं कमी दाबाचं क्षेत्र कोकणच्या किनाऱ्याजवळ आलं होतं. त्याच दिवशी मोसमी पाऊस केरळात पोचल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं, आणि दुपारच्या सुमारास ते क्षेत्र, तोवर जोर वाढून त्याचं डिप्रेशन झालं होतं, रत्नागिरी आणि दापोलीच्या मधे जमिनीवर चढलं. सकाळी नऊच्या आगेमागे नोआ-१९ हा अमेरिकेचा हवामान उपग्रह उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणार होता आणि त्याचा पास, म्हणजे आपल्या आकाशातून जाण्याची फेरी, पुण्याच्या चांगलाच डोक्यावरून होता. असा दिवस आणि असा पास एकत्र मिळायला नशीब लागतं. गच्चीवरच्या अँटेनातून त्याचं चित्र घ्यायला मी लॅपटॉपसमोर बसलो. स्पीकरमधून घड्याळासारखी टिकटिक सुरू झाली आणि पडद्यावर एकेक ओळ उतरू लागली. राजस्थान आलं, खंबातचं आखात आलं, डहाणूच्या खाली ढगांचा दाट पुंजका दिसायला लागला. आणि ऐन मोक्याच्या जागी पांढऱ्या-काळ्या दाण्यांचा एक आडवा पट्टा आला. तो संपला तेव्हा चित्र गोव्याच्या दिशेनं निघालं होतं.

पट्टा मोजला. ३० ओळींचा. या उपग्रहाच्या चित्रात एक ओळ म्हणजे जमिनीवरचे सुमारे सव्वातीन किलोमीटर, म्हणजे जवळजवळ शंभर किलोमीटर किनारा गायब. ज्या तुकड्यासाठी मी सकाळपासून चहा पुढे ढकलत होतो, नेमका तोच.

हे प्रकरण त्या पट्ट्याचं आहे. तो कुठून आला हे कळायला मला सात आठवडे लागले. त्यात मी जे जे चुकीचं केलं तेही लिहितो, कारण घरी उपग्रहचित्रं घेऊ पाहणारा जवळजवळ प्रत्येक जण त्याच क्रमानं चुकतो.

काय मांडलं होतं

मी कोथरूडमध्ये एका सात मजली सोसायटीत सातव्या मजल्यावर राहतो. डोक्यावर लगेच गच्ची. अँटेना अगदी साधी, ज्याला व्ही-डायपोल म्हणतात ती: हार्डवेअरच्या दुकानातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या दोन सळया, प्रत्येकी ५३ सेंटिमीटर, दोघींमध्ये १२० अंशांचा कोन, पीव्हीसी पाइपावर आडव्या बसवलेल्या. हे माप १३७ मेगाहर्ट्झसाठीचं, कारण हवामान उपग्रह त्याच पट्ट्यात बोलतात. नोआ-१५ चा आवाज १३७.६२ वर, नोआ-१९ चा १३७.१ वर. खाली केबलवाल्याकडे मिळते ती आरजी-६ केबल, आणि शेवटी लॅपटॉपला लावलेला एसडीआर डोंगल, म्हणजे बोटाएवढा रेडिओ रिसीव्हर. हा डोंगल मुळात संगणकावर टीव्ही बघायला बनवलेला होता. २०१२ च्या सुमारास लोकांच्या लक्षात आलं की त्यातली चिप कच्चा सिग्नल जसाच्या तसा बाहेर देते, आणि तेव्हापासून रेडिओच्या छंदात स्वस्ताई आली.

अँटेना मी लिफ्टच्या मशीनरूमच्या भिंतीला टेकवून उभी केली होती. तिथे पाइप बांधायला कडी होती, दुपारी थोडी सावली यायची आणि केबल कमी लागायची. तीनही कारणं आळसाची. ही ओळ लक्षात ठेवा.

या उपग्रहांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढची मोजमापं कळणार नाहीत. ते जमिनीपासून साधारण साडेआठशे किलोमीटरवर, ध्रुवांवरून फिरतात आणि एक फेरी सुमारे १०२ मिनिटांत पूर्ण करतात. खाली पृथ्वी फिरत असते, त्यामुळे प्रत्येक फेरीत नवा पट्टा त्यांच्या नजरेखाली येतो. एका गावावर चांगला पास दिवसातून दोन-चारदा मिळतो आणि तो दहा-बारा मिनिटं उपयोगी असतो. चित्र पाठवण्याच्या पद्धतीला एपीटी म्हणत. उपग्रह जे बघायचा तेच त्याच क्षणी खाली ओतायचा, सेकंदाला बरोबर दोन ओळी. साठवणूक नाही, कुलूप नाही, परवलीचा शब्द नाही. जो कान देईल त्याचं चित्र.

ही पद्धत पहिल्यांदा डिसेंबर १९६३ मध्ये टायरॉस-८ या उपग्रहावर वापरली गेली. तेव्हा आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम चालू होती, आणि त्या मोहिमेचं हवामान केंद्र मुंबईत कुलाब्याला होतं. तिथेही एपीटीचा रिसीव्हर बसला. कुलाब्यातल्या शास्त्रज्ञांनी ज्या पद्धतीनं अरबी समुद्रावरचे ढग पाहिले, त्याच पद्धतीनं मी साठ वर्षांनी कोथरूडच्या गच्चीवरून पाहत होतो. मला हे फार आवडतं, त्यामुळे विषय सोडून सांगितलं.

पहिली चूक: आवाज वाढवला

पट्टे मेच्या आधीही येत होते. एप्रिलमध्ये मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नव्हतं, कारण तेव्हा सगळंच चित्र भुरकट यायचं. भुरकट चित्रावर सगळे एकच औषध सांगतात: प्रीअँप लाव, म्हणजे सिग्नल वाढव. मी अँटेनाजवळ लावायचा लो-नॉईज अँप्लिफायर मागवला, केबलमधूनच त्याला वीज दिली आणि चित्र आणखी बिघडलं.

कारण नंतर समजलं, पण ते आधीच समजायला हवं होतं. डोंगल आठ बिटांचा असतो. फार जोरदार आणि फार हलका सिग्नल एकाच वेळी पेलण्याची त्याची ताकद बेताची. शहरात ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर एफएमची स्टेशनं किलोवॅटांनी ओरडत असतात, आणि उपग्रहाकडे पाठवायला असतात जेमतेम पाच वॅट, तेही साडेआठशे किलोमीटरवरून. मी दोघांनाही सारखाच लाउडस्पीकर दिला. लग्नाच्या मांडवात बँड वाजत असताना कुणाची कुजबुज ऐकायची असेल, तर कानाला कर्णा लावून उपयोग नसतो. आधी बँडवाल्यांना दार लावून बाहेर ठेवावं लागतं.

ते दार म्हणजे एफएम अडवणारा फिल्टर. तो मी अँप्लिफायरच्या आधी लावला. पुस्तकी हिशेबानं फिल्टर नंतर लावला तर सिग्नल किंचित कमी गमावतो, पण आमच्या भागात एफएम इतकं दांडगं आहे की अँप्लिफायर स्वतःच गुदमरतो. फिल्टर पुढे आल्याबरोबर चित्राचा भुरकटपणा गेला, जमीन आणि समुद्र वेगळे दिसू लागले, आणि स्वच्छ कापडावर डाग उठून दिसावेत तसे ते पट्टे दिसू लागले. २४ मेचं चित्र याच टप्प्यावरचं आहे.

संशयित

संध्याकाळच्या पासमध्ये आणखी एक दुखणं होतं, पण ते चटकन सुटलं म्हणून थोडक्यात. पावणेसातनंतर सगळ्याच चित्रावर सारखी खरखर यायची. गच्चीच्या कठड्यावर टायमरनं लागणारा एलईडीचा दिवा होता. त्याला अजूनही सगळे हॅलोजनच म्हणतात. त्याच्या आतल्या स्वस्त पॉवर सप्लायचा तो प्रताप. दिवा बंद केला की खरखर बंद. वॉचमनला सांगून पासच्या वेळेपुरता बंद ठेवला, आणि पुढे सोसायटीनं दिवा बदलला तेव्हा प्रश्नच मिटला.

पट्टे मात्र सकाळीही होते आणि संध्याकाळीही. मला आधी विमानांचा संशय आला. विमानं आणि नियंत्रण कक्ष यांचं बोलणं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये चालतं, म्हणजे अगदी शेजारच्या गल्लीत, आणि पुण्यात लोहगाववरून दिवसभर विमानं उडतात. एका वाक्याएवढा पट्टा, मग शांतता, मग पुन्हा पट्टा. चपखल बसत होतं. आठवडाभर मी हाच समज धरून बसलो.

अडचण अशी की मी तोवर फक्त आवाज साठवत होतो. आवाजाच्या फाइलमध्ये एवढंच कळतं की काहीतरी बिघडलं. आजूबाजूला काय चाललं होतं ते हरवतं. म्हणून जूनपासून मी अख्खा बेसबँड साठवायला लागलो, म्हणजे डोंगलला दिसणारा सगळा दोन-अडीच मेगाहर्ट्झचा पट्टा. याला जागा फार लागते, सेकंदाला जवळजवळ पाच मेगाबाइट, एका पासला साडेतीन गिगाबाइट. घरात जुनी हार्डडिस्क शोधण्यावरून थोडं वाजलं. पण पहिल्याच फाइलनं विमानांना निर्दोष सोडलं. विमानाचं बोलणं वॉटरफॉलवर, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीवर कधी काय आलं हे दाखवणाऱ्या पडद्यावरच्या आलेखावर, एका बारीक उभ्या रेघेसारखं दिसतं. माझ्या पट्ट्याच्या वेळी पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत धुरळा उठलेला होता. एवढ्या रुंदीत कुणी बोलत नाही. असा धुरळा ठिणग्यांचा असतो किंवा वेगानं उघडझाप होणाऱ्या विजेच्या उपकरणाचा.

म्हणजे शत्रू आकाशातला नव्हता. पुढची शंका अशी, की तो अँटेनातून आत येतोय की केबल, लॅपटॉप आणि चार्जरमधून? यासाठी अँटेना काढून अँप्लिफायरच्या तोंडाला ५० ओहमचा बंद टर्मिनेटर, म्हणजे बाहेरचं काही आत न येऊ देणारं टोपण, लावला आणि सकाळी अर्धा तास नुसती रेकॉर्डिंग केली. पट्टे नाहीत. अँटेना परत लावली. दहा मिनिटांत सहा पट्टे. अँटेनातूनच येत होतं, आणि जवळून येत होतं.

गुरुवार

जूनमधल्या एका गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली. आमच्याकडे हे नेहमीचं आहे. लॅपटॉप बॅटरीवर होता आणि पास समोर होता, तेव्हा मी आनंदानं गच्चीवर गेलो. आसपासच्या चार इमारतींमधले राउटर, चार्जर, टीव्ही, फ्रिज, सगळे गप्प. पार्श्वभूमीची खरखर मी कधी पाहिली नव्हती इतकी खाली गेली. पण पट्टे आले ते आलेच! उलट शांततेमुळे जास्तच उठून दिसले.

मी वैतागून खाली आलो. जिन्यात दिवे लागलेले होते. सोसायटीचा जनरेटर चालू होता. जनरेटरवर आमच्याकडे तीन गोष्टी चालतात: जिन्यातले दिवे, पाण्याचा पंप आणि लिफ्ट. हे मला त्याच क्षणी समजायला हवं होतं. मी पंपावर संशय घेतला, कारण पंप जुना आहे आणि मला तो आवडत नाही.

दोन दिवस वॉचमनकडून पंपाच्या वेळा लिहून घेतल्या. जुळल्या नाहीत. पंप एकदा लागला की वीस मिनिटं चालतो; माझे पट्टे सेकंदांचे.

सहाचा पाढा

ज्या उपग्रहाचं चित्र सेकंदाला दोन ओळींनी येतं, ते चित्र म्हणजे आपोआप लिहिलेली वेळवहीच असते. पट्टा कोणत्या ओळीवर सुरू झाला हे कळलं की घड्याळातली वेळ कळते. तो किती ओळी टिकला हे कळलं की दुखणं किती सेकंदांचं ते कळतं. हे मला तत्त्वतः माहीत होतं, पण मी पट्टे मोजले होते ते फक्त चडफडण्यासाठी.

बारावी झालेली पुतणी सुटीत आमच्याकडे राहायला आली होती. तिला काम हवं होतं आणि मला मोजणारं माणूस. तिनं अकरा पासमधले पट्टे एक्सेलमध्ये उतरवले: सुरुवातीची ओळ, शेवटची ओळ, रुंदी. दुसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली,

“काका, हे सहाच्या पाढ्यात येतंय.”

“काय?”

“रुंदी बघ ना. अठरा, चोवीस, तीस, छत्तीस, बेचाळीस, अठ्ठेचाळीस. एखादी ओळ इकडेतिकडे होते. पण वीस नाही, सत्तावीस नाही. आणि अठ्ठेचाळीसच्या वर एकही नाही.”

मी तिच्या मागून पडद्याकडे बघत राहिलो. ती पुढे म्हणाली, “आणि जोडीनं येतात. एक पट्टा, मग साधारण दहा सेकंद काहीच नाही, मग दुसरा.” मग ती खुर्ची फिरवून माझ्याकडे बघून हसायला लागली. “काका, ही लिफ्ट आहे. कुणीतरी बटण दाबतं, लिफ्ट वर जाते. दार उघडतं, बंद होतं. मग खाली येते.”

सहा ओळी म्हणजे तीन सेकंद. आमची लिफ्ट सेकंदाला साधारण एक मीटर जाते आणि मजला तीन मीटरचा आहे. एक मजला, तीन सेकंद, सहा ओळी. सुरुवातीला वेग घ्यायला आणि शेवटी थांबायला मिळून आणखी तीन सेकंद, म्हणजे वरच्या सहा ओळी. सात मजल्यांचे ४२ अधिक ६, ४८. आठवा मजला नाही, म्हणून ४८ च्या पुढे पट्टा नाही.

आणि २४ मेचा तो तीस ओळींचा पट्टा? ३० वजा ६, भागिले ६. चार मजले. शनिवारी सकाळी आमच्याकडचं कुणीतरी चौथ्या मजल्यावरून खाली उतरलं, बहुधा भाजीला, आणि माझं रत्नागिरी ते दापोली पुसलं गेलं.

अनुमान छान होतं, पण अनुमानच. खात्री करायला पुतणी घड्याळ घेऊन लिफ्टमध्ये गेली आणि मी गच्चीवर वॉटरफॉलसमोर बसलो. फोनवर तिनं “तिसरा, खाली” म्हटलं की पडद्यावर धुरळा, “पोचले” म्हटलं की स्वच्छ. बारा फेऱ्या झाल्या, बारा वेळा जुळलं. तेराव्या फेरीला दुसऱ्या मजल्यावरच्या आजी लिफ्टमध्ये शिरल्या आणि त्यांनी विचारलं, “काय गं, सारखी वरखाली का करतेस?” तिनं खरं ते सांगितलं. आजींना पटलं की नाही माहीत नाही, पण त्या दिवसापासून मी सोसायटीत ‘सॅटेलाइटवाले’ झालो.

दोष नेमका कुठे

लिफ्टच्या मोटरला आता थेट वीज देत नाहीत. मधे ड्राइव्ह असतो. तो विजेचे तुकडे करून मोटरला हवा तेवढा वेग देतो, म्हणून लिफ्ट धक्का न देता सुटते आणि थांबते. हे तुकडे करणं फार वेगानं होतं, आणि प्रत्येक तुकड्याची कड इतकी तीव्र असते की तिच्यातून रेडिओच्या लहरी बाहेर पडतात, अगदी आमच्या १३७ पर्यंत. या लहरी आत डांबून ठेवायला ड्राइव्ह धातूच्या पेटीत असतो, आणि पेटीपासून मोटरपर्यंत जाणाऱ्या केबलवर तारेच्या जाळीचं आवरण असतं. जाळी दोन्ही टोकांना अर्थिंगला नीट जोडलेली असेल तर बाहेर फारसं काही येत नाही.

मी एक जुना हातरेडिओ एएमवर लावून गच्चीवर फिरलो. एफएमवर लावलेला रेडिओ खरखर गिळून टाकतो, एएमवर ती ऐकू येते, हे इथे महत्त्वाचं. मशीनरूमच्या दारात आवाज सगळ्यात मोठा होता. माझ्या अँटेनापासून ते दार चार पावलांवर. आता ती कडी, ती सावली आणि ती वाचवलेली केबल आठवा.

सेक्रेटरींकडे गेलो तेव्हा थोडा धाकधुकीत होतो. लिफ्टविरुद्ध तक्रार म्हणजे दुरुस्तीचा खर्च, आणि दुरुस्तीचा खर्च म्हणजे सर्वसाधारण सभा. मी तक्रार नाही म्हटलं, चित्रं दाखवली. आधी २४ मेचं, मग पुतणीचा तक्ता. ते बँकेतून निवृत्त झालेले आहेत. तक्ता त्यांना चित्रापेक्षा जास्त आवडला. “म्हणजे तुमच्याकडे लिफ्ट किती वेळा कुठून कुठे गेली याचा रेकॉर्ड आहे?” असं त्यांनी दोनदा विचारलं. त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते मी विचारलं नाही.

लिफ्टच्या देखभालीला दर महिन्याला येतो तो तंत्रज्ञ जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आला. मशीनरूम उघडली. पेटीचं दार अर्धवट लागत होतं, कारण बिजागरी वाकलेली. मोटरच्या केबलची जाळी पेटीच्या बाजूला मागे दुमडून चिकटपट्टीनं गुंडाळलेली, कुठेच जोडलेली नाही. कधीतरी ड्राइव्ह बदलताना कुणीतरी घाईत ठेवली असणार. तंत्रज्ञानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “साहेब, लिफ्ट तर चालते ना?” त्याचं बरोबर होतं. लिफ्ट उत्तम चालत होती. जे बिघडत होतं ते त्याच्या कामाच्या यादीत नव्हतं.

तरी त्यानं केलं. जाळीभोवती पूर्ण वेढा घालणारी पट्टी लावून ती दोन्ही बाजूंना अर्थिंगला घट्ट बसवली. जाळीचा पीळ करून एका स्क्रूला अडकवला असता तर रेडिओच्या लहरींना ते पुरलं नसतं, हे त्यालाही माहीत होतं. फक्त कुणी कधी मागितलं नव्हतं. दार सरळ केलं. मी त्याच दिवशी अँटेना गच्चीच्या विरुद्ध कोपऱ्यात नेली, मशीनरूमपासून बावीस मीटरवर, आणि जादाची केबल विकत घेतली. केबलवर दोन्ही टोकांना, तिच्यावरून सरकत येणारी खरखर अडवायला, फेराइटचे मणी अडकवले.

मोजमाप सांगायचं तर आधी लिफ्ट हलली की खरखर चौदा डेसिबलनं चढायची. नुसती अँटेना हलवल्यावर नऊ. जाळी जोडून दार लावल्यावर तीन. तीन डेसिबलचा पट्टा शोधावा लागतो. तो आहे हे माहीत असलं तरच दिसतो.

प्रीअँप, फिल्टर, नवी केबल, मणी यांवर मी जे पैसे खर्च केले, त्यांतला फिल्टर सोडला तर बाकी कशानंही इतका फरक पडला नाही जितका त्या दुमडलेल्या जाळीनं. सिग्नल पहिल्या दिवसापासून पुरेसा येत होता. मी तो वाढवण्याच्या मागे लागलो होतो.

एक महिना

जुलैच्या मध्यापासून चित्रं अशी यायला लागली की मी ती घरच्यांना बोलावून दाखवू लागलो. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर अडलेल्या ढगांची कड, अरबी समुद्रावरची नागमोडी ढगांची रांग, मधेच उघडलेल्या जागेतून दिसणारा उजनीचा गडद ठिपका.

मग ऑगस्ट आला. नोआ-१८ जूनमध्येच गेला होता, ६ जूनला, त्याचा एक ट्रान्समीटर बिघडल्यावर. १३ ऑगस्टला नोआ-१९ बंद केला आणि १९ ऑगस्टला नोआ-१५. नोआ-१५ मे १९९८ मध्ये उडालेला. सत्तावीस वर्षं वर होता. नोआ-१९ ची कथा तर वेगळीच. २००३ मध्ये कॅलिफोर्नियात बांधणी चालू असताना तो गाडीवरून सरळ जमिनीवर आडवा पडला होता, कारण त्याला धरून ठेवणारे २४ बोल्ट कुणीतरी काढून नेले होते आणि ते लावलेत का हे कुणी तपासलं नव्हतं. दुरुस्त होऊन तो २००९ मध्ये उडाला आणि सोळा वर्षं चालला. आमच्या लिफ्टच्या जाळीची गोष्ट कळल्यावर मला त्या बोल्टांबद्दल आपलेपणा वाटायला लागला.

त्यांच्याबरोबर एपीटी संपली. टिकटिक संपली. मी ज्या चित्रांसाठी सात आठवडे लिफ्टच्या मागे लागलो, ती मला स्वच्छ मिळाली जेमतेम महिनाभर.

आता याच अँटेनावर, याच १३७ च्या पट्ट्यात रशियाचे मेटेओर-एम उपग्रह मिळतात, एन२-३ आणि एन२-४. त्यांची पद्धत एलआरपीटी, म्हणजे डिजिटल. बारकावा एक किलोमीटरचा, एपीटीच्या चौपट. पहिलं चित्र पाहिलं तेव्हा मुळा-मुठा कुठे असेल ते मी बोट ठेवून दाखवू शकलो. दोघांपैकी एन२-४ चा सिग्नल भरवशाचा. एन२-३ ची अँटेना अवकाशात पूर्ण उघडलेली नाही, त्यामुळे त्याचा आवाज मधेच ओसरतो. पहिल्या आठवड्यात मी पुन्हा लिफ्टला शिव्या घातल्या, पण त्या वेळी लिफ्ट निर्दोष होती.

डिजिटलमध्ये दोष दिसण्याची तऱ्हा बदलते, आणि हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. एपीटीत खरखर आली तर चित्र दाणेदार व्हायचं, पण दाण्यांमागे किनारा अंधूक का होईना दिसायचा. एलआरपीटीत चुका दुरुस्त करण्याची सोय आधीच पेरलेली असते. आकडे वाटेत मुद्दाम विखरून पाठवतात, म्हणजे क्षणभराचा खडखडाट झाला तरी दुरुस्ती होते आणि तुम्हाला काही कळतही नाही. पण खडखडाट लांबला तर दुरुस्ती एकदम हात टेकते, आणि तिथे दाणे नाही, सरळ काळी पट्टी येते. सोडून दिलेल्या जागेसारखी. जूनमधली चौदा डेसिबलची लिफ्ट असती तर मेटेओरच्या चित्राला शिडीसारख्या काळ्या पायऱ्या पडल्या असत्या, आणि मी बहुधा नवी अँटेना घेऊन मोकळा झालो असतो. त्या पायऱ्यांमध्ये सहाचा पाढा शोधणंही अवघड गेलं असतं, कारण पट्टी खडखडाटाबरोबर सुटत आणि संपत नाही. आकडे विखुरलेले असल्यामुळे तिच्या कडा पुढेमागे होतात, आणि डिकोडरला पुन्हा जुळवून घ्यायलाही वेळ लागतो. एपीटीचं चित्र बिघडायचं, पण कधी आणि किती वेळ बिघडलं ते खरं सांगायचं.

पुतणी कॉलेजला गेली. तक्ता अजून माझ्या लॅपटॉपवर आहे.

ऑक्टोबरच्या सभेत गच्चीवर सौर पॅनेल बसवायचा ठराव आला. मी ठरावाच्या बाजूनं हात वर केला, आणि मग उभा राहून विचारलं की इन्व्हर्टर कुठे बसणार, कारण तोही लिफ्टच्या ड्राइव्हसारखाच विजेचे तुकडे करतो. ठेकेदाराच्या नकाशात तो माझ्या नव्या अँटेनापासून तीन मीटरवर होता. सेक्रेटरींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि इतिवृत्तात एक ओळ लिहून घेतली: इन्व्हर्टर तळमजल्यावर, मीटरच्या खोलीत. तळमजला आणि गच्ची, मधे सात मजले. डीसीची केबल मात्र गच्चीवरूनच उतरणार आहे, आणि तिच्यावर जाळी असेल का हे ठेकेदाराला अजून विचारायचं आहे.